ज्या हाताला सिसूण डसत नाही

२९ ऑक्टोबर २०२३

प्रिय आत्या,

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस, असं तूच म्हणालीस. म्हणून हे पत्र. इथे तसाही फोन लागत नाही. सिग्नलसाठी भगवतीच्या मंदिरापर्यंत चढावं लागतं, पाऊण तास. माझी मराठी झाशीची आहे, हिंदीत बुडवलेली. समजून घे.

मी इथे नेमकं काय करते ते तू विचारलं होतंस. बागेश्वरच्या वर, डोंगरात, अकरा बायकांचा एक गट आहे. त्या सिसुणापासून सूत काढतात आणि मी त्यांना विणीचे नमुने शिकवते. सिसूण म्हणजे बिच्छू घास. आपल्याकडच्या खाजकुइलीसारखी समज, पण ही खाजवत नाही, जाळते. माणसाहून उंच वाढते, देठावर काचेच्या सुईसारखे केस. हात लागला की विंचू चावल्यासारखी आग, संध्याकाळपर्यंत. आणि त्याच देठाच्या सालीत असा धागा असतो, आत्या, की तागाहून मऊ आणि सुतळीहून चिवट. दिवाळीच्या आसपास देठ कापायचे, साल ओढून काढायची, वाळवायची, राखेच्या पाण्यात उकळायची, ओढ्यावर मोगरीने बडवायची, पांढरी माती चोळायची, मग टकळीवर कातायची. मी हातात पहिला धागा घेतला तेव्हा मला विश्वास बसला नव्हता, की हीच ती जाळणारी वनस्पती.

आता गंमत सांगते. परवा कापणीला गेलो. बायका हातांना जुन्या जीन्सचे तुकडे बांधतात. माझा तुकडा सुटला आणि मी अख्खी जुडी उघड्या उजव्या हाताने धरली. कमला दी ओरडली, "छोड़, छोड़!" मला मात्र काही झालं नाही. अंगठ्याजवळ थोडी चुणचुण, बस. बाकी हात जणू दुसऱ्याचा. फुगवट्या उठल्या, पण लाली नाही, आग नाही. कमला दी गटातली सगळ्यांत मोठी, साठीची. तिने माझा हात उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, "तुझ पर तो भगवती का हाथ है।" तेव्हापासून सगळ्यात दाट झुडपात मलाच पाठवतात. मी पण ऐटीत जाते.

आईला सांगू नकोस, ती घाबरेल. बाबा असते तर म्हणाले असते, "बरं," आणि पेपर उघडला असता.

तुझी
मृदुला


९ नोव्हेंबर २०२३
दतिया गेट, झाशी

चि. मृदुला,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मराठी उत्तम आहे, उगीच नावं ठेवू नकोस.

इथे सगळे बरे आहेत. तुझ्या पियूष भैयाच्या चारुताला शाळेत पहिल्या रांगेत बसवलं म्हणून ती खुशीत आहे. सहा वर्षांची झाली, बडबड मात्र साठ वर्षांच्या बाईसारखी. प्रमोदिनी तुझी आठवण काढते, आईच ती. तुझ्यासाठी ग्वाल्हेरचं एक स्थळ आलंय, ते ती तुला कळवेलच.

मला काही गोष्टी विचारायच्या आहेत, त्यांची उत्तरं नीट दे. चहाचा गरम पेला उजव्या हाताने धरलास तर करंगळीच्या बाजूला चटका बसतो का? अंगावर कुठे फिकट किंवा तांबूस डाग आहे का, विशेषतः कोपराजवळ, पाठीवर, गालावर? भुवयांचे केस विरळ वाटतात का? हाताची बोटं पूर्वीसारखी सरळ होतात ना?

आणि उघड्या हाताने ते झाड धरू नकोस. देवी प्रसन्न आहे हे ठीक, पण कापड बांध.

जमलं तर पंधरा दिवस इकडे ये. माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, एकदा सगळी तपासणी करून घेऊ. सहज.

तुझी
अनुसूया आत्या


२४ नोव्हेंबर २०२३

आत्या,

तुझं पत्र वाचून मला आधी हसू आलं आणि मग इतका राग आला की उत्तर द्यायला चार दिवस घेतले.

डाग आहे का! भुवया दाट आहेत का! बोटं सरळ आहेत का! ग्वाल्हेरच्या लोकांनी यादी पाठवली की आईने तुझ्या तोंडून वदवलं? घरात तू एकटी होतीस जी लग्न न करता, नोकरी करून, आपल्या मर्जीने राहिलीस. मला वाटायचं, तू तरी माझ्या बाजूची आहेस. तू पण मला वधूपरीक्षेला उभी केलीस, तेही पत्राने.

तर घे. कोपराच्या वर एक डाग आहे, रुपयाहून मोठा, फिकट. मागच्या होळीपासून असेल. उन्हाचा आहे. भुवया जशा होत्या तशा आहेत. चहाचा पेला मी डाव्या हाताने धरते, कारण उजव्यात टकळी असते. झालं समाधान?

मी फेब्रुवारीपर्यंत येणार नाही. वीस शालींचं काम घेतलंय आणि सूत अजून निम्मं पण झालेलं नाही. त्यात माझ्याच हातून धागा निसटतो आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट थंडीने आखडल्यासारखी झालीत. कमला दी म्हणते, पहिल्या हिवाळ्यात मैदानातल्या लोकांचं असं होतं. पण माझा हा दुसरा हिवाळा आहे.

मृदुला


६ डिसेंबर २०२३
झाशी

चि. मृदुला,

तुझा राग पोचला. स्थळाचा आणि माझ्या प्रश्नांचा काही संबंध नव्हता, एवढं मान. प्रमोदिनीला मी ते स्थळ नको म्हणून कळवायला सांगितलं आहे.

बोटांचं जे लिहिलंस त्याची मला काळजी वाटते. व्हिटॅमिन कमी पडलं तरी असं होतं. तुझ्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जा आणि नसांची तपासणी करून घे. डाग पण दाखव. शाली थांबतील. हे मी आग्रहाने सांगते आहे.

माझी तब्येत ठीक. थंडीने कान जास्तच बंद झालेत.

अनुसूया आत्या


१८ जानेवारी २०२४

आत्या,

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताने लिहिते आहे.

व्हिटॅमिनच्या गोळ्या मी इथल्या दुकानातून घेतल्या होत्या. दवाखान्यात गेले नाही. बर्फ पडला, रस्ता बंद होता, आणि खरं सांगायचं तर तू व्हिटॅमिनचं लिहिलंस म्हणून मी ते सहज घेतलं.

सोमवारी आम्ही साल उकळत होतो. मोठ्या पातेल्यात राखेचं पाणी, चुलीवर तीन तास. पाण्याचा रंग बदलला की साल बाहेर काढायची असते. काठीने निघेना म्हणून मी हात पातेल्याच्या काठावर टेकवून दुसऱ्या हाताने ओढायला लागले. कमला दीशी बोलत होते. काहीतरी जळल्याचा वास आला, लोकर जळल्यासारखा. मी तिला म्हणाले, "दीदी, ऊन जल रही है क्या?" ती माझ्याकडे पाहत होती. मग तिने माझं मनगट धरून हात उचलला. तळव्याची करंगळीकडची पूर्ण कड काठाला चिकटली होती.

आत्या, मला काहीच कळलं नव्हतं. मी बोलत होते, हसत होते आणि माझा हात भाजत होता.

बायका आता भगवतीचं नाव घेत नाहीत. कमला दीने जखमेला मध लावलं, फडकं बांधलं. रोज बांधते. दुखत नाही. दुखत नाही हेच मला सहन होत नाहीये.

मी तुझी दोन्ही पत्रं काढून पुन्हा वाचली. तू इतकी वर्षं आरोग्य खात्यात होतीस. गावोगाव फिरायचीस. मी लहान होते, तू कुठल्या रोगाच्या विभागात होतीस ते मी कधी विचारलंच नाही. घरात कुणी सांगितलं पण नाही. तुझे प्रश्न स्थळाचे नव्हते. मला काय झालंय ते तुला माहीत आहे. लपवू नकोस. सरळ लिही.

मृदुला


२७ जानेवारी २०२४
झाशी

मृदुला, बाळ,

सरळ लिहिते. आधी जे करायचं ते. हे पत्र मिळेल त्याच दिवशी निघ. जिल्हा रुग्णालयात त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना सांग, "हाताला संवेदना नाही, कोपरावर डाग आहे, करंगळी वाकते आहे, माझी कुष्ठरोगाची तपासणी करा."

शब्द वाचून घाबरली असशील. मी हा शब्द अठ्ठावीस वर्षं लोकांच्या ओसरीत बसून उच्चारला आहे आणि तुला लिहिताना तीन महिने लावले. म्हणून नीट ऐक. हा रोग पूर्ण बरा होतो. गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, बारा महिने घ्याव्या लागतील. पहिल्या काही दिवसांतच तुझ्यापासून दुसऱ्याला होण्याची भीती संपते. कुणाला शिवल्याने, एका ताटात जेवल्याने तो होत नाही. पण नस नुकतीच आजारी पडली असेल, सहा महिन्यांच्या आत, तर वेगळं औषध देऊन ती वाचवता येते. त्यानंतर बोटं तशीच राहतात. म्हणून एक दिवसही घालवू नकोस.

हे मला ऑक्टोबरमध्येच कळलं होतं. फुगवटी आली, पण लाली नाही, असं तू लिहिलंस. पूर्वी आम्ही डागावर औषधाचा थेंब टाकून हेच बघायचो. लाली आली नाही की नस मेलेली. तुझं ते वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. आणि तरी तुला विचारलं काय, तर भुवया आणि चहाचा पेला. नंतर व्हिटॅमिन. ते खोटं होतं. तुझे तीन महिने मी घालवले, मृदुला. तुझा हात भाजला तो माझ्यामुळे.

का, ते आता सांगते. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

२००६ साली रघूला, तुझ्या बाबांना, हाच रोग झाला होता. तो वर्कशॉपातून थेट माझ्याकडे आला आणि सदरा काढून पाठ दाखवली. म्हणाला, "ताई, तू रोज बघतेस. हे तेच आहे ना?" तेच होतं आणि बरंच पसरलेलं. तो रडला नाही. फक्त म्हणाला, "घरी कळता कामा नये. वर्कशॉपात कळलं तर माझ्याजवळ कोणी डबा उघडणार नाही. मुलीचं लग्न आहे पुढे."

मी त्याला दवाखान्यात न्यायला हवं होतं. तिथे सगळे माझे सहकारी. नेलं नाही. टहरौलीला आमचा कॅम्प असायचा. तिथल्या रजिस्टरात मी एक खोटं नाव, खोटं गाव लिहिलं आणि त्या नावाची औषधं दर महिन्याला झाशीला आणली. त्याने बारा महिने माझ्यासमोर गोळ्या घेतल्या. तुला आठवत असेल, त्या वर्षी तो काळा पडला होता. तुम्हाला सांगितलं भट्टीची धग. तो गोळ्यांचा रंग होता. तो पूर्ण बरा झाला. आठ वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला, त्याचा याच्याशी संबंध नाही.

पण नियम असा आहे, की रोगी सापडला की त्याच्या घरातल्या प्रत्येकाला तपासायचं. मग वर्षानुवर्षं पाहत राहायचं, कारण हा रोग शरीरात पंधरा-वीस वर्षं गप्प बसू शकतो. मी बरुआसागरच्या घरांमध्ये बायकांशी भांडून मुलांना उजेडात उभं केलं आहे. "लाज कशाची? लाज रोगाला, माणसाला नाही," असं मी म्हणायचे. आणि माझ्या भावाच्या घरी, तू तेरा वर्षांची आणि पियूष सतरा वर्षांचा असताना, मी दिवाळीला फराळ घेऊन आले आणि तुमच्या कोपरांकडे चोरून बघून परत गेले.

आज पियूषला सांगून तुला फोन लावायचा होता. त्यालाही सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून लावला नाही. बघ, अजूनही मी लपवतेच आहे. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते. निघ, बाळ.

अनुसूया


६ मार्च २०२४

आत्या,

पत्र मिळालं त्याच दिवशी निघाले. कमला दी सोबत आली. डॉक्टरांनी कोपरामागची नस बोटाने दाबली, म्हणाले दोरीसारखी झाली आहे. मग विचारलं, "घर में किसी को था?" मी म्हणाले, "पिताजी को।" आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य बोलले, आणि कमला दी शेजारीच बसली होती.

बारा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. नसेचं औषध पण. चेहरा सुजल्यासारखा झालाय. जखम भरत आली आहे. बोटांचं सांगता येत नाही म्हणाले. तीन महिने आधी आला असतात तर, असं म्हणाले.

मी तुला महिनाभर लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही सुचत नव्हतं. रोगाचा राग नाही मला. तो तर कुणालाही होतो. राग बाबांचा आहे.

तुला माहीत आहे, बाबांनी मला तेराव्या वर्षानंतर जवळ घेतलं नाही? आधी मी त्यांच्या पाठीवर बसून स्टेशनपर्यंत जायचे. मग एकदम बंद. पूर्ण बाह्यांचा सदरा, मे महिन्यात पण. त्यांचा टॉवेल वेगळा, पेला वेगळा. मी त्यांच्या ताटातला घास उचलला तर ताट पुढे ढकलून उठायचे. मला वाटलं मी मोठी झाले म्हणून. मग वाटलं, मी आवडत नाही. दिल्लीला शिकायला गेले ते त्यांच्यापासून दूर जायला, आत्या. ते स्टेशनवर सोडायला आले आणि खिडकीपासून दोन हात लांब उभे राहिले. मी हात पण हलवला नाही. ते गेले तेव्हा मी नीट रडले सुद्धा नाही. सतरा वर्षं मी एका माणसावर चुकीच्या कारणासाठी रागावलेली होते, आणि तू मला एका वाक्याने सोडवू शकत होतीस. ते गेल्यावर तरी. तेव्हा तर कुणाच्या डब्याचा प्रश्न नव्हता.

गटात मी सगळ्यांना स्वतः सांगितलं. अंगणात, उन्हात, सगळ्या सूत काढत होत्या तेव्हा. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या नाहीत, तिसरी आली पण लांब बसली. कमला दी माझ्या शेजारीच बसते. पण तिची सून तिच्यासाठी वेगळी थाळी ठेवायला लागली आहे, ते मला दिसलं. दीदी काही बोलत नाही. मी पण नाही. डॉक्टरांनी सांगितलं, माझ्याजवळ राहिलेल्या सगळ्यांना तपासायचं आहे.

आता तुला काय करायचं ते. चारुता सहा वर्षांची आहे. भैया बाबांच्या खोलीत झोपायचा. आई तर आई. तू त्या सगळ्यांना सांगशील आणि दवाखान्यात नेशील. पंधरा एप्रिलपर्यंत वाट बघते. नंतर मी मंदिरापाशी चढून भैयाला फोन करेन. पण तो फोन मला करायला लावू नकोस.

मृदुला


२ एप्रिल २०२४
झाशी

चि. मृदुला,

होळी झाल्यावर लगेच, गुरुवारी, मी सीपरी बाजारला पियूषकडे गेले. सगळे घरी असतील अशी वेळ धरली. चारुताला शेजारी खेळायला पाठवलं आणि सांगितलं. बसून, सगळं, टहरौलीच्या रजिस्टरासकट.

पियूष उठून उभा राहिला. त्याचा आवाज मला कानाच्या यंत्राशिवायही ऐकू आला. "इतने साल! मेरी बेटी इस घर में पैदा हुई, आत्या!" तो मराठीत रागावू शकत नाही, तुला माहीत आहे. सूनबाई प्रियाने चारुताला शेजारून आणलं आणि दुसऱ्या खोलीत नेऊन दार लावलं. ती मुलीचे कपडे काढून बघत होती, मला दारातून कळत होतं. मी पुढे होऊन म्हणू शकले नाही, की मला बघू दे, मला ओळखता येतं.

मग प्रमोदिनी बोलली. मान खाली घालून, हातातल्या टॉवेलाची घडी करत. म्हणाली, "ताई, मला माहीत होतं."

तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. त्या गोळीने लघवी तांबडी होते, आणि धुणं तीच धुवायची. वर्कशॉपच्या पिशवीत तिला रिकामं पाकीट सापडलं. ते घेऊन ती एका औषधाच्या दुकानात गेली, लांबच्या, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, आणि विचारलं. दुकानदाराने सांगितलं. ती घरी आली आणि पाकीट जिथे होतं तिथे ठेवलं.

मी विचारलं, "मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही आणि हे मिळून माझ्यापासून लपवत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, मला कळलंय हे समजलं तर ते घर सोडून जातील. म्हणून मी कळू दिलं नाही. ते टॉवेल वेगळा ठेवायचे, मी मुद्दाम त्याच टॉवेलाने तोंड पुसायची. ते नसताना."

मृदुला, मी रघूला दहादा सांगितलं होतं, आता तुझ्यापासून कुणाला काही होत नाही, मुलांना जवळ घे. तो मान हलवायचा आणि घेत नसे. तुला मी हे कधी सांगितलं नाही. ते गेल्यावर तरी, असं तू लिहिलंस. सांगितलं असतं तर माझं नावही त्यात आलं असतं, एवढंच खरं कारण.

शनिवारी सगळे दवाखान्यात गेलो. पियूष माझ्याशी बोलत नव्हता, पण गाडी त्यानेच चालवली. खिडकीवर जगन्नाथ जी होते. माझ्या हाताखाली शिकलेले, आता तेच विभाग बघतात. मला बघून उठले, "अरे दीदी, आइए, अंदर आइए।" मी म्हणाले, "नहीं, लाइन में हूँ।" चाळीस मिनिटं उभी राहिले.

आमची पाळी आल्यावर त्यांनी विचारलं, घरातला मूळ रोगी कोण? मी रघूचं पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, इलाज कुठे झाला, कुणी केला? मी म्हणाले, "मैंने किया। और छिपाया भी मैंने। टहरौली के रजिस्टर में जो नाम है, वह आदमी कोई था ही नहीं।" त्यांनी पेन खाली ठेवलं. मागे लोक होते, त्यांनी ऐकलं. जगन्नाथ जींनी रजिस्टर पुढे ओढलं. मग पेन उचललं आणि लिहिलं. नंतर फक्त एवढं म्हणाले, "दीदी, आपने तो मुझे सिखाया था।" त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

चारुता स्वच्छ आहे. प्रियाही. प्रमोदिनीही. तिघींना एकेक प्रतिबंधाची मात्रा दिली. पियूषच्या पाठीवर, डाव्या खांद्याखाली, जिथे स्वतःला कधी दिसत नाही, एक डाग निघाला. एकच. कापसाचा स्पर्श कळला नाही. नस चांगली आहे, बोटं चांगली आहेत. सहा महिने गोळ्या, मग काही उरणार नाही. आणखी दोन-तीन वर्षं गेली असती तर काय झालं असतं, ते तू आणि मी जाणतो.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मृदुला का हाथ ठीक होगा?" मी म्हणाले, पूर्ण नाही. तो पुढे गेला, गाडीचं दार उघडलं आणि मी बसेपर्यंत धरून उभा राहिला. तेव्हापासून बोललेला नाही.

मी माफी मागत नाही. मागण्याची माझी जागा नाही. तू सांगितलंस ते केलं, एवढंच कळवते.

अनुसूया


२० एप्रिल २०२४

आत्या,

भैयाचा मेसेज मला मंदिरापाशी मिळाला. एका ओळीचा: "आत्या ने सब बता दिया। मेरी दवा चालू है। तू अपनी मत छोड़ना।" मी तिथेच पायरीवर बसले. पुजारीबुवांना वाटलं, मी घाटी चढून दमले.

तळव्याच्या कडेला थोडं थोडं कळायला लागलंय. थंड पाणी कळतं. करंगळी सरळ होत नाही आणि होणार नाही, डॉक्टर आता स्पष्ट बोलतात. मी टकळी डाव्या हाताने चालवायला शिकते आहे. धागा जाड येतो, गाठी येतात. कमला दी म्हणते, जाड धाग्याची पण पिशवी होते. वीसपैकी बारा शाली झाल्या, बाकीच्या आम्ही नाही म्हणून कळवल्या.

आता ऐक, कामाचं. तपासणीला आरोग्य कार्यकर्ता आला होता. भला माणूस आहे, पण पुरुष. बायकांनी हात दाखवले, पाय दाखवले आणि म्हणाल्या, बस, सब ठीक है. पाठ कुणी दाखवली नाही. भैयाचा डाग पाठीवरच होता ना? मी त्यांना तसं सांगितलं, पण त्या माझं ऐकत नाहीत. मी रोगी आहे. ज्या दोघी येत नाहीत, त्यांतली एक पाच महिन्यांची पोटुशी आहे. कमला दीने सुनेला समजावलं, ती थाळीवरून हटायला तयार नाही.

त्यांना अशी कोणीतरी हवी आहे, जी ओसरीत बसून भांडेल आणि मग आतल्या खोलीत नेऊन एकेकीला उजेडात उभी करेल. जिल्ह्याच्या डॉक्टरांना मी विचारलं, निवृत्त बाई कार्यकर्त्याबरोबर आली तर चालेल का. चालेल म्हणाले, आनंदाने.

तू ये. कानाची दोन्ही यंत्रं आण, बायका हळू बोलतात. गरम कपडे आण. झाशीत लू सुरू झाली असेल, इथे अजून चूल पेटवून बसतो. काठगोदामला मी स्वतः घ्यायला येईन.

माफीचं मी काही लिहीत नाहीये, कारण मला अजून माहीत नाही. पण काम झाल्यावर तू आठ दिवस थांबायचंस. बाबा दर महिन्याला तुझ्याकडे गोळी घ्यायला यायचे. बारा महिने. तेव्हा ते बसायचे का, चहा घ्यायचे का, कशाबद्दल बोलायचे, मला काय म्हणायचे, ते सगळं मला सांग. एकही गोष्ट गाळू नकोस. मी त्यांच्या घरात अठरा वर्षं राहिले आणि त्या माणसाला मी ओळखत नाही.

तुझी
मृदुला